महादेवाची टेकडी आणि शंकरची टेकडी

पुसदच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या अंगाला, महादेवाची म्हणून एक टेकडी आहे. ती किती उंच आहे हे मी येथे लिहिणार नाही. माझा मेहुणा एक आकडा सांगतो, गाडीवानाने दुसरा सांगितला, आणि वरच्या देवळाच्या भिंतीवर कोणी कोळशाने तिसराच लिहून ठेवला आहे. तिन्हींची सरासरी काढता येईल. पण तीन चुकांची सरासरी काढल्याने बरोबर उत्तर येते असे नाही. माझ्या वयाच्या माणसाला ती टेकडी एका दमात चढवत नाही, दोन दमांत चढवते. एवढे मी स्वतःच्या पायांनी तपासले आहे, म्हणून तेवढेच सांगतो.

आम्ही तेथे हौसेने गेलो नव्हतो. म्हणजे हौस होती, पण माझी नव्हती. गेल्या श्रावणात माझी पत्नी कमला विषमज्वराने पडली. दिवाळीच्या पणत्या तिने अंथरुणावरून पाहिल्या. त्या दिवसांत तापाच्या भरात ती पुष्कळ काही बोले, त्यातले बरेचसे विसरण्यासारखे होते. पण एक गोष्ट ती ताप नसतानाही बोले. ती पाच-सहा वर्षांची असताना माझे सासरे पुसदच्या तहसिलीत होते. त्यांनी तिला खांद्यावर बसवून त्या टेकडीवर नेले होते आणि खाली बोट दाखवून म्हटले होते, "बघ, नदीनं बांगडी भरली." ती बांगडी तिला पुन्हा एकदा बघायची होती. माणूस दुखण्यातून उठतो तेव्हा त्याने काय मागावे याचा काही नियम नाही. कोणी जरीचे लुगडे मागितले असते. हिने नदी मागितली.

डॉक्टर म्हणाले, "हिंडवा, फिरवा. फक्त चढ जपून. छाती अजून कच्ची आहे. दम लागला की तिथल्या तिथे बसवा." मी हे वाक्य तंतोतंत लक्षात ठेवले.

आता एक घरगुती गोष्ट सांगणे भाग आहे, कारण पुढे जे घडले ते तिच्यावाचून कळणार नाही. माझे नाव महादेव. आमच्या घरी नवऱ्याचे नाव घेण्याची पद्धत नाही. लग्नात आणि डोहाळजेवणात तिने उखाण्यातून घेतले असेल तेवढेच. एरवी मी 'अहो'. ही पद्धत सर्वत्र आहे, त्यात नवल नाही. पण आमच्या घरी ती काटेकोर आहे. आमच्या आळीत महादेव नावाचा एक वाणी आहे, त्याला ती 'कोपऱ्यावरचा वाणी' म्हणते. शिवरात्रीचा उपास ती भोलेनाथाचा करते. आणि या टेकडीला ती लहानपणी जे म्हणत असेल ते असो, लग्नानंतर ती टेकडी 'शंकराची टेकडी' झाली. देव एकच, तेव्हा मी कधी दुरुस्ती केली नाही. हिशेबात एकाच रकमेला दोन नावे चालत नाहीत. संसारात चालतात, असे मी धरून चाललो होतो.

पुसद

यवतमाळ ते पुसद या मोटारीच्या प्रवासाचे वर्णन करीत नाही. धूळ सर्व रस्त्यांवर सारखीच असते. आर्णीच्या पुढे मात्र एक गंमत दिसली. रस्त्याच्या कडेला जुने मैलाचे दगड काढायचे राहिले होते आणि नवे किलोमीटरचे दगड रोवून झाले होते. दोन्ही उभे. एकच रस्ता एक दगड थोडका सांगे, दुसरा भारी. मोटारीतला एक शेतकरी म्हणाला, "पायले तं सारखाच लागते."

मेहुणा दत्तू पुसदला शाळेत मास्तर आहे. सौ.चा तो धाकटा भाऊ. शाळेत शुद्ध बोलून त्याचे तोंड दुखते, म्हणून घरी येताच तो मुद्दाम वऱ्हाडी बोलतो, अशी त्याच्या बायकोची तक्रार आहे. तिने आमच्यासाठी भरली वांगी, ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी केली होती. आमच्याकडे रात्री पोळीच लागते. त्यांच्याकडे दोन्ही वेळा भाकर असते आणि पाहुणा आला तरी ती बदलत नाहीत. मला ही रीत आवडली. सौ.ने दीड भाकर खाल्ली. श्रावणापासून तिने एवढे खाल्लेले मी पाहिले नव्हते. मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर तिने अर्धी परत टाकली असती.

पहाटे जागा झालो तो वाऱ्याने. होळी होऊन चार-पाच दिवस झाले होते. फाल्गुनात आमच्या भागात वारा सुटतोच, झाडांची जुनी पाने झाडून नेतो. पण हा वारा पाने नेऊन थांबेल असा दिसत नव्हता. दत्तूच्या अंगणातली टोपली घरंगळत शेजाऱ्याकडे गेली आणि शेजाऱ्याचा टॉवेल आमच्याकडे आला.

"भाऊजी," दत्तू म्हणाला, "आज वारा लय हाये. उद्या गेलो तं?"

"उद्या मला कचेरीत हजर व्हायचं आहे."

"मंग ताईले घरी राहू द्या, आपण दोघंच जाऊन येऊ."

सौ. चुलीपाशी बसली होती. ती मान न वळवता म्हणाली, "दत्तू, नदी मला बघायची आहे की तुझ्या भाऊजींना? वारा उचलून नेईल एवढी काही मी वाळले नाही."

तेव्हा तिघेही निघालो.

तांड्यापर्यंत

दत्तूने एक दमणी ठरवली होती. दमणी म्हणजे माणसांसाठीची हलकी बैलगाडी. वर छत असले तर सावली, नसले तर बरेच, असे त्या दिवशी म्हणावे लागले, कारण छतात वारा भरला की गाडी मागे ओढली जाई. शेतांत कापसाची पऱ्हाटी उपटून झाली होती. पळस मात्र फुलला होता, एकही पान नाही आणि अंगभर लाल. वाऱ्याबरोबर फुलांच्या पाकळ्या गाडीत येऊन पडत. सौ. त्या वेचून पदरात घेत होती. तिचा चेहरा पाहून मी वाऱ्याला थोडे माफ केले.

टेकडीच्या पायथ्याशी बंजाऱ्यांचा तांडा आहे. यांचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत. आता ही मंडळी वावरे कसतात. बायकांच्या हातांत कोपरापर्यंत बलोये, म्हणजे त्यांच्या रुंद पांढऱ्या बांगड्या, घागऱ्यांवर आरशाच्या टिकल्या. होळीचा रंग अजून उतरला नव्हता. सात-आठ जणींनी गाणे म्हणत दमणी अडवली आणि फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, मागितली. दत्तू म्हणाला, "मास्तरले कोणी मागते का? मास्तर सोताच मागते." त्यावर एकीने असे काही उत्तर दिले की गाडीवान हसून खाली वाकला. ते आम्हाला कळले नाही आणि त्याने सांगितलेही नाही. सौ.ने गुळाची ढेप आणली होती ती त्यांना दिली. वाट मोकळी झाली.

उतरून थोडे चालतो तोच सौ. थांबली. तोंडाला पदर लावून उभी राहिली. समोरून वारा असला की चालणाऱ्याचा श्वास तोंडातच अडतो. तो मलाही अडत होता. मी घड्याळ काढून तिची नाडी मोजली. आकडा मला आवडला नाही.

"तुमच्या हातात घड्याळ आलं ना, की माझं काळीज उगाच पळायला लागतं," ती म्हणाली.

"आपण परत फिरू."

"इतकं येऊन? मी इथं कडुलिंबाखाली बसते. गाडीवान आहे, बायका आहेत. तुम्ही दोघं जाऊन या." मग म्हणाली, "कोणीतरी बघा. बघून मला सांगा."

मला जायचे नव्हते. जिला नदी हवी तिने खाली बसायचे आणि ज्याला नको त्याने वर जाऊन बघायचे, हे मला बरोबर वाटेना. पण ती ऐकेना. शेवटी तांड्याच्या मधोमध असलेल्या कडुलिंबाच्या पारावर तिला सतरंजी घालून दिली, पाण्याचा तांब्या, फिरकीच्या झाकणाचा, जवळ ठेवला, आणि आम्ही निघालो.

माथा

चढाविषयी आधीच सांगितले. वर एक लहान देऊळ आहे, दगडी, चार माणसे कशीबशी मावतील असे. बाहेर घंटा टांगली आहे. आम्ही पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून ती वाजत होती. मला वाटले, कोणी पुजारी असेल. वर कोणी नव्हते. वाराच वाजवीत होता.

ज्यांनी तेथून पैनगंगा पाहिली आहे ते म्हणतात, तो देखावा जन्मात विसरत नाही. मी विसरणार नाही, पण वेगळ्या कारणाने. पश्चिमेकडून जमीनच्या जमीन उठून येत होती. खाली पिवळट धुरळ्याशिवाय काही नव्हते. नदी त्यात कोठेतरी असणार. मी छत्री उघडली, हे माझ्या आयुष्यातल्या कमी विचाराच्या कृतींपैकी एक. ती उलटी झाली, आणि मी ती सावरतो आहे तोवर डोक्यावरची काळी टोपी गेली. ती पडली नाही, गेली. पूर्वेकडे, नाल्यापलीकडच्या लहान टेकडीच्या दिशेने, कावळ्यासारखी.

दत्तू माझ्यापासून हातभर अंतरावर देवळाच्या खांबाला धरून उभा होता. तो ओरडून काही बोलला. मला फक्त ओठ दिसले. मी कान जवळ नेला.

"म्या म्हटलं, तुमचीच टेकडी अन् तुमचीच टोपी उडवते!"

आम्ही देवाला हात जोडले आणि उतरू लागलो. उतरताना मी मनात वाक्ये जुळवीत होतो. सौ.ला काय सांगायचे? धुरळा दिसला असे सांगितले तर ती हिरमुसेल. बांगडी दिसली असे सांगणे खोटे होईल. 'आज स्पष्ट दिसत नव्हती,' एवढे खरे सांगायचे, असे ठरवून मी तांड्यात शिरलो.

पारावर सतरंजी होती. तिच्यावर एक दगड ठेवला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून. तांब्या नव्हता. सौ. नव्हती.

गाडीवान गाडीखाली झोपला होता. त्याला काही ठाऊक नव्हते. येताना ज्याने आम्हाला टेकडीची वाट सांगितली तो म्हातारा पाराच्या दुसऱ्या बाजूला अंबाडीची दोरी वळीत बसला होता. दत्तूने त्याला विचारले, "बाबा, इथं एक बाई बसली होती ना?"

"बाई? थे तं गेली ना टेकडीवर."

"आम्ही आताच टेकडीवरून आलो," मी म्हणालो.

"मंग भेटली असंन."

"नाही भेटली."

म्हातारा दोरी वळायचे थांबला. टेकडीला वाट एकच आहे, हे येताना त्यानेच सांगितले होते.

मी काय काय विचार केला ते लिहीत नाही. एवढेच सांगतो की ती सगळी वाट मी मनातल्या मनात पुन्हा उतरलो. कोठे मुरूम निसटत होता, कोठे कडेला काही आधार नव्हता, कोठे आम्ही दोघांनी वाऱ्याला पाठ करून डोळे मिटले होते आणि शेजारून कोणी गेले असते तरी कळले नसते. डॉक्टरांचे वाक्य तंतोतंत आठवत होते आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मी परत वर धावू लागलो. दत्तूने माझा दंड धरला आणि म्हाताऱ्यालाच विचारले, "एकटी गेली का कोणासंग?"

"एकटी कायले जाईन? सोमलीबाईसंग गेली. सोमली पोराची बाटी घेऊन चालली होती वावरात. बाईनं इचारलं, टेकडी कोनती. सोमली म्हणे, चाल, म्या तिकडंच चालली."

"कोणती टेकडी विचारली?" मी म्हणालो.

"शंकरची."

"शंकर कोण?"

"सोमलीचा पोरगा, दुसरा कोन?" म्हाताऱ्याने दोरीचे टोक नाल्यापलीकडे केले. तेथे ती लहान टेकडी होती, जिच्याकडे माझी टोपी गेली होती. उतारावर वावर, वर चार बाभळी आणि खडक. "थे शंकरची टेकडी. वावर त्याचं हाये. पन मले बी समजलं नाई, बाईले शंकरकडं काय काम हाये ते!"

दत्तू हळू म्हणाला, "भाऊजी, ताईनं तुमचं नाव नाही घेतलं."

मी तोपर्यंत नाल्यात उतरलो होतो.

दुसरी टेकडी

नाल्यात पाणी नव्हते, गोटे होते. दत्तूच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तो मागे राहिला. वावराची वाट टेकडीला वळसा घालून पूर्वेकडून चढते. तिकडे पोहोचलो तेव्हा वारा टेकडीवरून माझ्या तोंडावर येत होता. वर कोणी दिसेना.

मी हाक मारली, "अगं ए!" चारचौघांत मी तिला अशीच हाक मारतो. हाक माझ्याच घशात परत आली. मग "कमला!" म्हणून ओरडलो. पुन्हा ओरडलो. वाऱ्याविरुद्ध आवाज चढत नाही, हे कळायला दोन हाका लागल्या, तरी आणखी काही मारल्याच.

तेव्हा वरून हाक आली.

"महादेऽऽव!"

वाऱ्याबरोबर आली म्हणून अगदी कानाशी आल्यासारखी आली. पुढे 'राव' नाही, मागे 'अहो' नाही. बाईचा आवाज, थोडा फाटलेला. माझी आई गेल्यापासून मला असे, नुसत्या नावाने, कोणी हाकारले नव्हते. मग मी जो चढलो तो एका दमात चढलो.

माथ्यापाशी एक खडक पुढे झुकलेला आहे. त्याच्या आडोशाला वारा नव्हता. इतका नव्हता की कान एकदम रिकामे झाले. तेथे एक वृद्ध बंजारीण पाय पसरून बसली होती आणि तिच्या शेजारी सौ. बसली होती. मांडीवर भाकरीचा चतकोर, त्यावर ठेचा. केस सगळे सुटलेले. गालांवर रंग होता. तो तापाचा नव्हता.

"आलात?" ती म्हणाली.

मी तिचे मनगट धरले.

"मोजू नका. बसा."

मी बसलो. म्हातारी माझ्याकडे निरखून पाहत होती. ती म्हणाली, "आव, बेस, शंकरबापू. पानी पे."

मी सौ.कडे पाहिले. ती भाकरीकडे पाहत होती. मी पाणी प्यालो.

मग म्हातारीने भाकर मोडून माझ्या हातावर ठेवली. तिच्या बोलीत भाकरीला बाटी म्हणतात. आमच्या भाकरीपेक्षा ती जाड होती आणि चुलीचा वास तिला जास्त होता. ठेचा एवढा तिखट की डोळ्यांत पाणी आले. ते ठेच्याचे होते असे मी त्या वेळी सांगितले असते आणि कोणी तपासू शकले नसते.

"समोर बघा की," सौ. म्हणाली.

खडकाच्या कडेवरून दक्षिणेकडे सगळे मोकळे होते. मोठ्या टेकडीने धुरळा अडवून धरला होता, आणि तिच्या आड, खाली, लख्ख उन्हात पैनगंगा होती. फाल्गुनात पाणी थोडके असते, पण होते तेवढे निळे होते. समोरून येत होती, एका पळसाच्या रानाला पुरता वळसा घालीत होती आणि जवळजवळ आली होती तेथेच परत जात होती. दोन टोके मिळायला थोडेसेच राहिले होते. बांगडीच, भरताना मनगटावर असते तशी.

"बाबांनी मला इथंच आणलं होतं की तिथं, कोण जाणे," ती म्हणाली. "पण हीच ती."

लंगडत दत्तू येईपर्यंत आम्ही दोघे त्या नदीकडे बघत बसलो. तो आला, बहिणीकडे पाहिले, आणि घाम पुसत पहिले वाक्य बोलला ते असे: "ताई, तुह्या देवाले दोन-दोन नावं हायेत हे तुले मालूम हाये, मले मालूम हाये, तांड्याले कोण सांगणार?"

म्हातारी काय समजायचे ते समजून खूप हसली. ती सोमलीबाई. खालच्या वावरात तिचा मुलगा गुरे वळीत होता, तो शंकर. सौ. आमच्या मागे पारावर बसली खरी, पण थोड्या वेळाने श्वास ताळ्यावर आला आणि तिला राहवेना. सोमलीबाई म्हणाली, वाट सोपी आहे, बसत बसत जाऊ. दोघी बसत बसत आल्या. वर आल्यावर सौ.ने देऊळ कोठे म्हणून विचारले, तेव्हा सोमलीबाईने मोठ्या टेकडीकडे हात केला. तेथे दोन माणसे दिसत होती.

"तुमची टोपी उडाली ना," सौ. म्हणाली, "तेव्हा ओळखलं मी. आणि हसले. आम्हाला तिथली घंटासुद्धा ऐकू येत होती. मी इथून हाका मारतेय, तुम्ही आपले बघताय भलतीकडे."

"तिचा आवाज पोचेना," सोमलीबाई म्हणाली. "म्या म्हटलं, माहा आवाज लय जाते, नाव सांग, म्या बलावते. सांगेच ना! म्हणे, जे टेकडी म्या इचारली थेच नाव. म्या म्हटलं, एवढंच ना? अन् बोंबलली, शंकऽऽर! ए शंकऽऽर!"

"मग?"

"मंग काय! माहाच पोरगा पयत आला. गुरं टाकून आला न वं! म्हणे, याडी, माय वं, काय झालं, साप हाये का? म्या म्हटलं, जा, बाटी खाय, तुले नाई बलावलं."

दत्तू हसून हसून खडकाला टेकला. सौ.ही हसत होती, तोंडावर पदर घेऊन. मी त्या हसण्यात तिचा श्वास ऐकत होतो. तो मध्येच अडत नव्हता. तेव्हा कोठे मलाही हसू आले. थोडे उशिरा आले, पण बराच वेळ टिकले.

उतरताना सोमलीबाई वावराच्या बांधापर्यंत आली. सौ.ने पदरातल्या पळसाच्या पाकळ्या तिच्या ओच्यात घातल्या. सोमलीबाईने आपली बोटे सौ.च्या कानशिलांवरून ओवाळून स्वतःच्या डोक्याशी मोडली. तशीच आमच्याकडेही मोडतात. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जपून जा, शंकरबापू. तुमी बी शंकर, माहा पोरगा बी शंकर. आता घर झालं तुमचं. येत जा."

कोणी चुकीचे नाव लिहिले तर मी लाल शाईने दुरुस्त करतो. माझ्या पोटापाण्याचा तो उद्योगच आहे. मी तोंड उघडलेही होते. पण सौ.ने माझ्याकडे पाहिले, आणि मी म्हणालो, "येत जाऊ."

परत

दमणीत दत्तू पुढे गाडीवानाशेजारी बसला. त्याला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची होती. आम्ही मागे होतो. वारा आता पाठीशी होता आणि गाडी हलकी चालली होती.

मी म्हणालो, "पारावर तू नव्हतीस तेव्हा..."

"माहीत आहे," ती म्हणाली. मग सांगू लागली, "सोमलीबाईचा नवरा गेला, ठाऊक आहे? बारा-चौदा वर्षं झाली. मी तिला म्हटलं, आमच्यात नाव घेत नाहीत. ती म्हणाली, आमी बी नाई घेत. जलमभर नाई घेतलं. मेला तवा घेतलं, रडतानी. तवा लय घेतलं."

"मग?"

"मग म्हणाली, जित्या माणसाले बलाव. मेलेल्याले कुठं ऐकू येते."

"मग?"

"मग काय. मग तुम्ही आलात."

ती बाहेर पाहू लागली. बाहेर पळसच होते. थोडे अंतर गेल्यावर मी विचारले, "मी खालून येत होतो तेव्हा तू मला हाक मारलीस का?"

"मारली की. अहो, अहो करून घसा बसला. तुम्हाला कुठलं ऐकू यायला!"

"मला काहीतरी ऐकू आलं."

"वाऱ्यात माणसाला काय वाट्टेल ते ऐकू येतं," ती म्हणाली, आणि पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला.

ज्यांना ती नदी बघायची असेल त्यांनी मोठ्या टेकडीवर जरूर जावे, पण वाऱ्याचा दिवस असला तर लहान टेकडीवर जावे, आणि तांड्यात विचारताना नाव नीट सांगावे. माझ्या हिशेबाचे म्हणाल तर तो फार सोपा आहे. मला हाक आली तेव्हा त्या टेकडीवर बायका दोनच होत्या. त्यांतली एक मला निरोप देईपर्यंत शंकर समजत होती.

दुसरीला मी पुन्हा विचारले नाही.